तिरंदाजीत अंतर बदलताना साइटची (धनुष्यावरील नेम धरण्याच्या साधनाची) पिन किती खाली घ्यावी?

ऑलिंपिकमधील रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या धनुष्याच्या) प्रकारात लक्ष्य 70 मीटरवर असते, आणि बाण सेकंदाला सुमारे 60 मीटर वेगाने सुटला, तर तेथे पोहोचेपर्यंत गुरुत्वाकर्षण त्याला सुटतानाच्या दिशेच्या सरळ रेषेपासून जवळजवळ सात मीटर खाली ओढते. 30 मीटरवर हीच घट जेमतेम सव्वा मीटर भरते, कारण ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा आकडा पाहून अनेक नवे तिरंदाज पिन एकदम फार खाली नेतात. ते अनावश्यक आहे. पिन खाली घेतली की नेम धरताना धनुष्य वर उचलले जाते आणि बाणाला चढाचा कोन मिळतो; घट वर्गाने वाढली तरी हा कोन, तो लहान असेपर्यंत, जवळपास अंतराच्याच प्रमाणात वाढतो. म्हणून 30 आणि 50 मीटरच्या खुणा (त्या अंतरांसाठी साइटवरील पिनच्या जागा) आधी पक्क्या कराव्यात, त्यांच्यातील फरक मिलिमीटरमध्ये मोजावा आणि 70 मीटरसाठी पिन 50 मीटरच्या खुणेपासून तितकीच, किंबहुना किंचित अधिक खाली घ्यावी, कारण हवेच्या रोधामुळे बाणाचा वेग वाटेत थोडा कमी होतो. त्यानंतरही बाणांचा पुंजका खालीच पडत असेल, तर पिन आणखी खाली सरकवावी, वर नव्हे. धनुष्य, बाण किंवा ताणाचे वजन (दोरी ओढायला लागणारा जोर) बदलल्यास मात्र दोन्ही खुणा नव्याने घ्याव्या लागतात.