मंत्रालय मुंबईत, कागद नाशिकमध्ये: ना-नफा पत्रकारितेत येऊ पाहणाऱ्यांसाठी

पत्रकारितेचं शिक्षण संपत आलं की नाशिकची मुलं-मुली विचारतात, "राज्य सरकारवर काम करायचं तर मुंबईलाच जावं लागेल ना?" मी काही वर्षांपासून एका छोट्या ना-नफा वृत्तसंस्थेसाठी नाशिकमधून काम करते आहे आणि माझं उत्तर ठाम 'नाही' असं असतं. आदिवासी विकास आयुक्तालय जुन्या आग्रा रोडवर आहे. आदिवासी विकास महामंडळाचं मुख्यालय इथंच आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, पाच जिल्ह्यांचं विभागीय आयुक्त कार्यालय नाशिकरोडला, राज्य माहिती आयोगाचं खंडपीठही शहरात. निर्णय मंत्रालयात होतो, पण त्या निर्णयाचा पैसा कुठं गेला हे सांगणारे कागद तालुक्यातून, जिल्ह्यातून, या इमारतींमधून फिरतात. ते वाचायला बसणारी माणसं मात्र फार थोडी आहेत.

ना-नफा म्हणजे फुकटात काम असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसं नाही. अशा संस्था बहुतेक वेळा कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली किंवा विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या असतात. शिल्लक राहिलेला पैसा मालकाला किंवा भागधारकांना वाटता येत नाही, तो कामातच घालावा लागतो. पगार मिळतो, तो वाचकांच्या देणग्यांतून आणि प्रतिष्ठानांच्या अनुदानांतून. आपल्याकडे २०११ पासून आकडेवारीवर काम करणारी 'इंडियास्पेंड', २०१४ मध्ये पी. साईनाथ यांनी सुरू केलेलं आणि मराठीतूनही वाचता येणारं 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया), २००२ पासून ग्रामीण स्त्रिया चालवत असलेली 'खबर लहरिया' ही नावं तुम्हाला माहीत असायला हवीत. यांचं आधीचं काम वाचल्याशिवाय अर्ज करू नका.

या कामाचं खरं भांडवल वेळ आहे. दैनिकातल्या मित्रांबद्दल मला आदर आहे. त्यांना रोज चार-पाच बातम्या द्याव्या लागतात, आणि जिल्हा आवृत्तीचा मोठा आधार सरकारी जाहिरातींचा असतो. एकाच फायलीमागे सहा महिने लागणं त्यांना परवडत नाही. आम्हाला पगार त्यासाठीच मिळतो.

सहा महिने का लागतात ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका घटनेवरून सांगते. हरसूलजवळच्या शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडे घेऊन जात होत्या. त्यांची छायाचित्रं प्रसिद्ध झाली, राज्यभर चर्चा झाली आणि सरकारने तिथं लोखंडी पूल बसवला. जानेवारी २०२२ मध्ये तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे स्वतः पाड्यावर आले. जुलैच्या पुरात तो पूल वाहून गेला. छायाचित्रामुळे पूल आला हे खरंच आहे, आणि त्या छायाचित्रकारांचं मोल मी कमी करणार नाही. पण पूल कुणी आखला, पूररेषा तपासली होती का, अंदाजपत्रक किती होतं, मोजमाप कुणी लिहिलं, पाणीयोजनेचं पुढे काय झालं, हे प्रश्न कॅमेरे परत गेल्यावर सुरू होतात. आपलं काम तिथून पुढचं आहे.

तसंच आश्वासनांचं. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेले हजारो शेतकरी पायी मुंबईला पोचले. त्यातले पुष्कळ सुरगाणा, पेठ, दिंडोरी भागातले आदिवासी होते आणि वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे, दावे मंजूर करा ही त्यांची मोठी मागणी होती. सरकारने लेखी आश्वासन दिलं, मोर्चा थांबला. २०१९ आणि २०२३ मध्ये माणसं पुन्हा रस्त्यावर उतरली. मधल्या काळात किती दावे मंजूर झाले, दाव्याच्या मानाने प्रत्यक्ष किती जमीन मिळाली, किती दावे फेटाळले आणि कोणत्या कारणाने, हे तालुकानिहाय मांडणं म्हणजे आपली पत्रकारिता. ती कंटाळवाणी दिसते. पण पुढच्या बैठकीत शिष्टमंडळाच्या हातात तो तक्ता असेल तर बोलणं वेगळ्या पातळीवर जातं.

कागद वाचायला शिका, आणि छापील कागदापासून सुरुवात करा. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल दरवर्षी अर्थसंकल्पाआधी सर्वांसाठी खुला होतो. २०१२ च्या अहवालातल्या आकड्यांवरूनच दिसलं होतं की दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्चूनही राज्याच्या सिंचित क्षेत्राचं प्रमाण अवघं ०.१ टक्क्याने वाढलं आहे. त्याच वर्षी नाशिकमध्ये काम करणारे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरप्रकारांबद्दल वरिष्ठांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं. मग तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा, श्वेतपत्रिका, माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक असं सगळं घडत गेलं. उपमुख्यमंत्री काही महिन्यांतच पदावर परतले, हेही विसरू नका. एका राजीनाम्यावर थांबलो तर विषय तिथंच गाडला जातो.

छापील कागदानंतर शासन निर्णय, म्हणजे जीआर. ते संकेतस्थळावर मिळतात. रोज सकाळी चहाबरोबर आपल्या विभागाचे नवे जीआर वाचायची सवय लावा. प्रत्येक कामाला एक साखळी असते: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. या साखळीतला कोणता कागद नाही किंवा कोणत्या दोन कागदांवरच्या तारखा जुळत नाहीत, हे शोधता आलं की निम्मं काम झालं. मोजमाप पुस्तिकेत प्रत्यक्ष किती काम झालं ते मोजून लिहिलेलं असतं, कार्यालयात तिला सगळे 'एमबी' म्हणतात. ती मागा. ज्या कामाची एमबी दाखवायला टाळाटाळ होते, तिथं थांबून नीट बघावं.

माहिती अधिकाराचं तंत्र थोडं सविस्तर सांगते, कारण नवे लोक इथंच थकतात. २००५ चा कायदा केंद्राचा असला तरी महाराष्ट्राचे नियम वेगळे आहेत. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करायचा, १० रुपयांचं शुल्क भरायचं (कोर्ट फी स्टँप चालतो), एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. "हे काम का झालं नाही?" असं विचारू नका. 'का'ला उत्तर द्यायला जन माहिती अधिकारी बांधील नाही, तो जवळ असलेला कागद द्यायला बांधील आहे. म्हणून "अमुक कामाच्या कार्यारंभ आदेशाची आणि सर्व देयकांची प्रत" असं लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाच्या सुनावणीला कधी कधी वर्ष उलटतं. तेव्हा बातमी एका अर्जाच्या आधारावर कधीच उभी करू नका. तोच कागद तालुका, जिल्हा आणि आयुक्तालय अशा तीन पातळ्यांवर मागितला तर कुठून तरी तो येतो.

प्रती मागण्यापेक्षा अभिलेख पाहायला जाणं मला जास्त उपयोगी वाटतं. पहिल्या तासाचं शुल्क लागत नाही. २०१८ च्या एका परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. समोर पूर्ण नस्ती असली की टिपणीच्या पानांवर कुणी काय शेरा मारला, फाईल कुठं किती दिवस पडून होती हे दिसतं. अर्जात जे मागायचं सुचलंच नसतं, ते तिथं सापडतं. कारकुनांशी नम्रपणे वागा. कोणता कागद कोणत्या कपाटात आहे ते साहेबांना नाही, त्यांना माहीत असतं.

एक अडचण आता वाढली आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. वैयक्तिक माहिती व्यापक जनहितासाठी द्यावी, असं त्या कलमातच लिहिलेलं होतं, ते निघालं. लाभार्थ्यांची किंवा ठेकेदारांची यादी नाकारायला हे कारण पुढे येऊ शकतं. अशा वेळी अपिलात कलम ८(२) वर बोट ठेवा. जनहित जास्त मोठं असेल तर माहिती द्यावी, हे तिथं अजून शाबूत आहे.

बदल नेमका कसा होतो, याबद्दल नव्या मुलांच्या मनात एक चित्र असतं: बातमी छापली, सरकार हादरलं. असं क्वचित होतं. आमच्या एका कामाचं सांगते. एका तालुक्याच्या गावातलं मुलींचं शासकीय वसतिगृह कागदावर पूर्ण झालं होतं, मुली मात्र दिवसा ज्या खोलीत शिकायच्या तिथंच रात्री सतरंजी टाकून झोपत होत्या. आम्ही देयकं आणि जागेवरची स्थिती समोरासमोर ठेवली, विभागाला लेखी प्रश्न पाठवले, उत्तरासाठी थांबलो आणि मग प्रसिद्ध केलं. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. आमचा मजकूर कुणालाही मोफत पुन्हा छापता येतो, म्हणून स्थानिक दैनिकांनी तो घेतला. त्या कात्रणावरून एका आमदारांनी विधानसभेत प्रश्न लावला. मंत्र्यांनी चौकशीचं आश्वासन दिलं, ते सभागृहाच्या कामकाजात नोंदलं गेलं, आणि आम्ही पुढच्या अधिवेशनाच्या आधी त्याच आश्वासनाची प्रगती माहिती अधिकारात मागितली. तेव्हा कुठं काम सुरू झालं. मुली नव्या इमारतीत राहायला गेल्या त्या दिवशी मी तिथं होते, आणि या कामात मिळालेला तो सगळ्यात मोठा आनंद आहे.

यातून तुम्ही घ्यायचं ते वेळापत्रक. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, पुरवणी मागण्या, महालेखापालांचा अहवाल सभागृहात मांडला जाण्याचे दिवस, लोकलेखा समिती आणि आश्वासन समितीचं काम: हे समजून घ्या. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन असतं. त्याच्या तोंडावर आलेली बातमी आमदारांच्या उपयोगाची असते, अधिवेशन संपल्यावर आलेली तीच बातमी कपाटात जाते. एक पथ्य पाळा. प्रसिद्ध झालेला मजकूर सर्वपक्षीयांना सारखाच द्यायचा, प्रसिद्धीआधी कुणालाच नाही.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याची गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. 'मिसिसिपी टुडे' ही तिथली छोटी ना-नफा वृत्तसंस्था. गरीब कुटुंबांसाठी केंद्राकडून आलेला निधी राज्यात भलतीकडेच गेल्याचं लेखापरीक्षणात निघालं. किमान ७ कोटी ७० लाख डॉलर. त्यातले सुमारे ५० लाख एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संकुलाला दिले होते. अ‍ॅना वुल्फ या पत्रकाराने वर्षानुवर्षं हा विषय सोडला नाही आणि माजी गव्हर्नरांच्या मोबाईल संदेशांपर्यंत पोचून त्यांची भूमिका उजेडात आणली. २०२३ मध्ये तिला स्थानिक वार्तांकनाचं पुलित्झर मिळालं. त्याच वर्षी माजी गव्हर्नरांनी संस्थेवर बदनामीचा दावाही ठोकला. गरिबांच्या नावाने आलेला पैसा केंद्राकडून राज्याकडे, राज्याकडून मधल्या संस्थांकडे जाताना कुठं वळतो, हे पाहायला आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे आदिवासींसाठी वेगळा ठेवलेला, निधी आपल्या दाराशी आहे.

दावा आपल्यावरही होऊ शकतो. म्हणून नोकरी स्वीकारण्याआधी विचारा: प्रसिद्धीआधी वकील मजकूर वाचतो का? दावा झाला तर खर्च कोण करणार? देणगीदारांची यादी जाहीर आहे का? देणगीदाराविरुद्धची बातमी यापूर्वी छापली आहे का? नेमणूकपत्र किती काळाचं आहे? अनुदान बहुधा वर्ष-दोन वर्षांचं असतं आणि ते संपलं की जागाही संपू शकते. विदेशी अंशदानाच्या कायद्यात वृत्तपत्रांच्या वार्ताहर-संपादकांवर आणि दृक्‌श्राव्य वृत्तसंस्थांवर बंधनं आहेत, त्यामुळे परदेशी पैशावर भिस्त ठेवता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये 'रिपोर्टर्स कलेक्टिव्ह' या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने जाहीर केलं की आयकर विभागाने त्यांचा ना-नफा दर्जा रद्द केला. त्यांची पत्रकारिता सार्वजनिक हिताची नाही, असं कारण दिल्याचं त्यांनी सांगितलं. 'द फाइल' या कन्नड संस्थेवरही तशीच वेळ आली. ज्या कामामुळे सरकारी पैशाचा हिशेब लोकांना कळतो, ते लोकहिताचं नाही हे मला अजिबात मान्य नाही. पण घरचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाने हा धोका माहीत करूनच यावं.

माहिती देणाऱ्यांची काळजी सगळ्यात आधी. रोजंदारीवरचा शिक्षक, कंत्राटी परिचारिका, ग्रामपंचायतीचा शिपाई यांची नोकरी एका फोनवर जाते. २०२५ च्या पावसाळ्यात आश्रमशाळांचे रोजंदारी कर्मचारी आदिवासी विकास भवनासमोर दिवसेंदिवस बिऱ्हाड मांडून बसले होते. त्यांचं जगणं किती अधांतरी असतं ते तिथं दिसत होतं. त्यांनी दिलेल्या कागदाचा फोटो जसाच्या तसा छापू नका, त्यावरच्या खुणांवरून माणूस ओळखता येतो. तोच कागद माहिती अधिकारात मिळवा आणि तो छापा.

पेठ-सुरगाण्याकडे काम करायचं असेल तर तिथल्या कोकणा आदिवासींची बोली कानाला सरावू द्या. नागली लावायच्या दिवसांत मुलाखती मागू नका.

आणि सिंहस्थ २०२७ आता तोंडावर आहे. त्यासाठी राज्याने २०२५ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमलं, हजारो कोटींची कामं निघाली आहेत. नवख्याला शिकायला यापेक्षा चांगला विषय नाशिकमध्ये मिळणार नाही. एकच काम निवडा: एक रस्ता, एक घाट किंवा एक मलनिस्सारण केंद्र. त्याचा जीआर, निविदा आणि कार्यारंभ आदेश गोळा करा, महिन्यातून एकदा जागेवर जाऊन त्याच ठिकाणाहून तारखेसह छायाचित्र घ्या आणि दोन पानांचं टिपण तयार करा. एखाद्या ना-नफा संस्थेत अर्ज कराल तेव्हा प्रमाणपत्रांच्या आधी ते टिपण जोडा.