दिवसाचा उजेड आणि खिडकीपाशी बसणाऱ्याचे डोळे

वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात नैसर्गिक प्रकाश हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी लक्स मीटरपासून, म्हणजे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजणाऱ्या उपकरणापासून, सुरुवात करतात आणि ते योग्यही आहे. मात्र प्रबंधासाठी पुण्यातील एका कार्यालयात नोंदी घेताना मला असे आढळले की, टेबलाच्या उंचीवर मीटर जिथे समाधानकारक आकडे दाखवत होता, तिथलेच कर्मचारी दुपारनंतर पडदे ओढून, दिवे लावून बसत होते. पश्चिमेचे उतरते ऊन आडव्या छज्जाला जुमानत नाही.

टेबलावर पडणारा प्रकाश आणि डोळ्यांत शिरणारा प्रकाश स्वतंत्रपणे मोजावे लागतात. दुसऱ्यासाठी विनोल्ड आणि क्रिस्टोफरसन यांनी २००६ मध्ये मांडलेला डेलाइट ग्लेअर प्रोबॅबिलिटी (डीजीपी), म्हणजे दिवसाच्या उजेडाने डोळे दिपण्याची शक्यता सांगणारा निर्देशांक, वापरतात. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे साधारण १.२ मीटरवर, फिशआय (अतिशय रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सचा कॅमेरा त्याच्या नजरेच्या दिशेने लावायचा, कमी-अधिक एक्स्पोजरच्या छायाचित्रांतून एक एचडीआर (अतिउजळ व गडद दोन्ही भाग नीट टिपणारी) प्रतिमा तयार करायची आणि ती ‘इव्हॅलग्लेअर’ या संगणक प्रणालीत तपासायची. निर्देशांक ०.३५ च्या खाली असेल तर डोळे दिपल्याचे सहसा जाणवत नाही, ०.४५ च्या वर ते असह्य मानले जाते. लेन्सशेजारी उभ्या धरलेल्या लक्स मीटरची नोंद प्रतिमेतून निघणाऱ्या मूल्याशी जुळवून पाहिल्याखेरीज त्या निर्देशांकावर विसंबू नये.

प्रश्नावली त्याच वेळी, त्याच जागी भरून घ्यावी, कारण ‘दिवसभर कसे वाटते’ याचे उत्तर त्या क्षणाच्या मोजमापाशी जोडता येत नाही. खिडकीबाहेर काय दिसते हेही टिपावे. समोर झाडे असली की तेवढ्याच प्रखरतेविषयी माणसे कमी कुरकुर करतात.

संगणकीय प्रारूपात नुसत्या डेलाइट फॅक्टरवर (बाहेरच्या उजेडाच्या किती टक्के उजेड आत पोहोचतो या प्रमाणावर) थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो ढगाळ आकाश गृहीत धरतो. आपल्याकडे पावसाळा सोडला तर आकाश बहुधा निरभ्र असते. ईसीबीसी २०१७ या इमारतींच्या ऊर्जा-बचत संहितेमध्ये १०० ते २००० लक्स हा उपयुक्त प्रकाशाचा पट्टा वर्षभराच्या हिशेबाने तपासला जातो, तो इथे अधिक प्रामाणिक ठरतो. प्रत्यक्ष नोंदींसाठी डिसेंबरचे दिवस अवश्य राखून ठेवावेत, कारण तेव्हा पुण्यात मध्यान्हीचा सूर्यही जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि ऊन दक्षिणेच्या खिडक्यांतून खोलवर येते. छायाचित्रणाची परवानगी मात्र त्याच्या बरीच आधी, लेखी घ्यावी.