यू-बूटमध्ये पिनांना नावे देताना या चुका टाळा

यू-बूट या बूटलोडरचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा, प्रॉम्प्ट कन्सोलवर दिसतो, पण इथरनेटची फाय चिप (केबलवरचे सिग्नल हाताळणारी चिप) प्रतिसाद देत नाही, अशा वेळी सोल्डरिंग आणि वीजपुरवठा तपासण्याआधी ड्रायव्हरमध्ये (ती चिप चालवणाऱ्या कोडमध्ये) रीसेट पिनला कोणते नाव दिले आहे ते पाहावे.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे पिनला तिच्या कामाऐवजी चिपवरील क्रमांकाचे नाव देणे. जीपीआयओ म्हणजे सॉफ्टवेअरने हाताळता येणाऱ्या सामान्य पिना; त्यांच्या लाइन बँक नावाच्या गटांत विभागलेल्या असतात. आय.एमएक्स ६ क्वाड या प्रोसेसर चिपवर ‘जीपीआयओ_१६’ नावाचा पॅड (चिपवरचा जोडबिंदू) प्रत्यक्षात सातव्या बँकेची ११ क्रमांकाची लाइन आहे, आणि सर्व बँकांच्या लाइन सलग मोजण्याच्या जुन्या पद्धतीत तिचा क्रमांक २०३ येतो. त्यामुळे ‘पिन १६’ असे नाव वाचून कोणी १६ हाच क्रमांक मागितला, तर पहिल्या बँकेतील १६ वी, म्हणजे एसडी १ या कार्ड-जोडणीच्या डेटा ० पॅडवरची लाइन हाती येते. रास्पबेरी पायवर जीपीआयओ १७ ही हेडरची ११ वी पिन असल्याने तिथेही हाच घोटाळा होतो. कोडमध्ये ‘फाय_रीसेट’ असे कामाचे नाव असावे आणि क्रमांक डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवरील हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) राहावा.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती वरवर शिस्तशीर दिसते. सर्किटच्या नकाशात रीसेट लाइन लो (कमी व्होल्टेजवर) असताना सक्रिय होते, म्हणून तिचे नाव ‘रीसेट_एन’ असते आणि तेच नाव कोडमध्ये उतरवले जाते. परंतु ड्रायव्हर मॉडेलमधील (यू-बूटच्या ड्रायव्हर लिहिण्याच्या नव्या चौकटीतील) फंक्शन तार्किक मूल्य घेते, म्हणजे १ म्हणजे सक्रिय आणि ० म्हणजे निष्क्रिय. डिव्हाइस ट्रीमध्ये ‘ॲक्टिव्ह लो’ लिहिलेले असेल, तर १ दिल्यावर लाइन लो होते आणि चिप रीसेटमध्ये जाते. ‘रीसेट_एन = १’ वाचणाऱ्याला मात्र चिप रीसेटमधून सुटली असे वाटते, मग तो ड्रायव्हरमधले १ आणि ० उलटे करतो, आणि तोच ड्रायव्हर वापरणारे दुसरे बोर्ड बंद पडतात. म्हणून नाव ‘रीसेट’ एवढेच ठेवावे. जुन्या, क्रमांकावर चालणाऱ्या फंक्शनला ‘ॲक्टिव्ह लो’सारखे फ्लॅग ठाऊक नसतात, त्यामुळे तिथे ‘_एन’ ठेवणे योग्यच आहे; फक्त तो कोड ड्रायव्हर मॉडेलवर आणताना प्रत्येक मूल्य पुन्हा तपासावे लागते.

लिनक्समधून ड्रायव्हर आणणाऱ्यांची चूक वेगळी असते. लिनक्समध्ये ‘रीसेट’ एवढेच मागितले की कर्नल ‘-जीपीआयओज’ हा प्रत्यय स्वतः जोडतो, तर यू-बूटमध्ये डिव्हाइस ट्रीमधील प्रॉपर्टीचे (त्या नोंदीचे) पूर्ण नाव द्यावे लागते. ते न दिल्यास -२ (नाव सापडले नाही) ही त्रुटी परत येते, आणि ड्रायव्हरने ती पिन ऐच्छिक मानली असेल तर कोणताही संदेश न येता काम पुढे जाते.

बँकेच्या नावाच्या शेवटी नुसता अंक असू नये, कारण कमांडमध्ये त्यालाच लाइनचा क्रमांक जोडला जातो. ‘जीपीआयओ११२’ ही पहिल्या बँकेची बारावी लाइन की अकराव्या बँकेची दुसरी, हे सांगता येत नाही. आय.एमएक्सचा ड्रायव्हर यासाठीच बँकेच्या क्रमांकानंतर अंडरस्कोर ठेवतो.

तपासणीसाठी ‘जीपीआयओ स्टेटस’ ही कमांड चालवावी. ताब्यात घेतलेल्या प्रत्येक पिनपुढे तिचे लेबल दिसते. डिव्हाइस ट्रीतून मागितलेल्या पिनचे लेबल नोड (डिव्हाइस ट्रीतील त्या उपकरणाचा भाग) आणि प्रॉपर्टी यांच्या नावांतून बनते, तर हाताने मागितलेल्या पिनचे लेबल आपणच लिहितो, म्हणून तिथे नुसते ‘जीपीआयओ’ न लिहिता ‘फाय_रीसेट’ लिहावे. पिन मागताना -१६ त्रुटी आली, तर ती आधीच कोणीतरी घेतलेली असते, आणि ती कोणी घेतली हे त्या लेबलवरूनच शोधावे लागते.