शंखोबाला गाऱ्हाणं: गेममधल्या खेळकर देवांवर लिहायचं कसं

फेब्रुवारी २०१४ मध्ये माझी बारावीची परीक्षा तोंडावर होती आणि मी कुडाळच्या घरी दादाच्या लॅपटॉपवर खेळातल्या एका मुलाला भिंतीवर आपटताना बघत बसले होते. एका ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने ट्विचवर, म्हणजे खेळ थेट दाखवणाऱ्या साइटवर, ‘पोकेमॉन रेड’ लावून ठेवला होता: पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायचा खेळ. चॅटमध्ये कुणीही ‘अप’, ‘डाउन’, ‘ए’, ‘बी’ लिहिलं की ते बटण दाबलं जायचं. गर्दी सर्वांत जास्त असताना लाखावर माणसं एकाच वेळी हजर होती आणि प्रत्येकाला मुलाला वेगळीकडे न्यायचं होतं. १२ फेब्रुवारीला सुरू झालेला हा खेळ १ मार्चला पूर्ण झाला. तेवढ्यात तिथे देव, त्याचा वैरी, खोटा प्रेषित आणि हुतात्मे असा अख्खा धर्म उभा राहिला होता. मी त्यावर मराठीत लिहिते. आमच्या ग्रुपमधल्या नव्या मुलांना आता आपापल्या खेळांचे देव मांडायचे आहेत, त्यांच्यासाठी हे.

सुरुवात देवापासून करू नका, चुकीपासून करा. माझं पहिलं लिखाण इथेच फसलं. मी बारा देव केले, विश्वाची उत्पत्ती लिहिली, वंशावळ काढली, आणि दोन पानांपुढे ते कुणी वाचलं नाही. वाचणाऱ्याने त्यातलं काहीच डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

त्या गर्दीच्या देवाचं, हेलिक्सचं, तसं नाही. खेळातल्या माउंट मून या गुहेत दोन जीवाश्म असतात, डोम आणि हेलिक्स, आणि त्यांतला एकच घेता येतो. गर्दीच्या हाती हेलिक्स लागला. ती वस्तू टाकून देता येत नाही, म्हणून ती पिशवीतच राहिली. चॅट आणि पडदा यांच्यात काही सेकंदांचं अंतर असल्याने मेनू सारखा उघडायचा आणि निवडचिन्ह जाऊन त्या जीवाश्मावर बसायचं. लढाईत, वाटेत, कुठेही. प्रत्येक वेळी पडद्यावर तेच वाक्य यायचं: ही ते वापरायची वेळ नाही. खरं तर ते शब्द खेळातल्या प्रोफेसर ओकचे. पण पन्नासाव्यांदा तेच दिसल्यावर लोकांनी ठरवलं की आपण दगडाला काहीतरी विचारतो आहोत आणि दगड उत्तर देतो आहे.

मी हे पाहिलं तेव्हा मला आमच्या ग्रामदेवतेचा कौल आठवला. पाषाणाला पाकळ्या लावायच्या, प्रश्न मनात धरायचा आणि उजवी पडते की डावी याकडे डोळे लावून बसायचं. हजारो मैलांवरची ती पोरं नकळत कौलच लावत होती. माझं लिखाण सुधारलं ते तिथून.

तेव्हा तुमच्या खेळात आधी हे शोधा: सगळ्यांनी पाहिलेलं, पुन्हा पुन्हा घडणारं आणि कुणीही मुद्दाम न केलेलं असं काय आहे? दारात अडकणारा घोडा असेल, दर वेळी त्याच पुलावरून पडणारा सोबती असेल. अशी एक गोष्ट मिळाली की देव मिळाला.

मग त्याला वैरी द्या, पण तोही खेळातूनच आला पाहिजे. टीम रॉकेट या खेळातल्या खलटोळीच्या तळघरातल्या सरकत्या फरश्यांवर गर्दी इतका वेळ अडकली की चालवणाऱ्याने मतदानाची पद्धत आणली: ठरावीक वेळात ज्या बटणाला जास्त मतं, तेच दाबायचं. हिला ‘डेमोक्रसी’ म्हणत आणि जुन्या गोंधळाला ‘अनार्की’. मतदान न आवडणाऱ्यांनी ‘स्टार्ट९’ला मतं दिली, म्हणजे मेनू नऊ वेळा उघडझाप आणि काम ठप्प. गोंधळ हेलिक्सच्या बाजूला गेला आणि मतदान न निवडलेल्या डोमच्या पदरात पडलं. बघा, भांडण आधीचं आहे. धर्माने त्याला फक्त दोन नावं दिली. तुमच्या खेळाडूंमध्ये खरंच वाद असेल तरच दोन पंथ करा. ओढूनताणून केलेला सैतान कुणालाच भिववत नाही.

नावांवर वेळ घालवा. मराठीत ‘लॉर्ड हेलिक्स’ लिहिलं की वाक्य परकं होऊन बसतं. मी ‘शंखोबा’ केलं, आणि डोमला ‘घुमटोबा’. खंडोबा, म्हसोबा, जोतिबा कानात असलेल्या माणसाला ‘बा’ ऐकताच कळतं की या देवाशी घरच्यासारखं बोलायचं आहे. पोकेमॉनची मूळ नावं मात्र बदलू नका, ती खेळणाऱ्यांच्या तोंडी बसलेली असतात. बटणांच्या माऱ्यामुळे पडलेली विचित्र नावंही जपून ठेवा. चारमेलिअन या पोकेमॉनचं नाव पडलं होतं ए, मग सहा बी, मग के आणि एक उघडा कंस. लोकांनी त्यातून ‘ॲबी’ वाचलं आणि तिच्यावर जीव लावला.

आता भाषा. चॅटमध्ये एकाने हेलिक्सचा जयजयकार केला की खाली शेकडो ओळी त्याच यायच्या. हा आवाज पकडायला इंग्रजी प्रार्थनेची नक्कल करू नका, आपल्याकडे गाऱ्हाणं आहे. एकाने घालायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. माझं असं आहे:

बा देवा शंखोबा म्हाराजा, आज जी काय लाखभर लेकरां तुझ्या पायाशी जमली हत, तेंका एक वाट दाखय रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!
कोण वर म्हणता, कोण खाली म्हणता, तेंची एकी कर रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!
जो कोण स्टार्ट दाबून वाट अडवता, तेका सुबुद्धी दी रे म्हाराजा!
व्हय म्हाराजा!

यातली प्रत्येक मागणी खेळात घडलेल्या अडचणीची आहे, हे लक्षात घ्या. पहिल्या खर्ड्यात मी ‘अंधारातून प्रकाशाकडे ने’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. अंधार-प्रकाश कुठल्याही देवाकडे मागता येतो, स्टार्टच्या बटणाचं गाऱ्हाणं फक्त शंखोबाच ऐकणार. तुम्ही विदर्भातले असाल तर गाऱ्हाणं ओढून आणू नका, तुमच्या कानात जे आहे ते घ्या: भारूड, पाळणा, श्रावणातली कहाणी.

शोकाला मी कहाणीच घेते. गर्दीने ईवी घेतला होता, वापरलेल्या खड्याप्रमाणे रूप बदलणारा पोकेमॉन. सर्फ, म्हणजे पाण्यावरून नेणारी चाल, शिकवायला त्याचा व्हेपोरिऑन व्हायला हवा होता, पण फायर स्टोन वापरला गेला आणि फ्लेरिऑन झाला. मग त्याला खेळातल्या संगणकात, जिथे जास्तीचे पोकेमॉन ठेवतात तिथे, ठेवण्याच्या खटपटीत ॲबी कायमची सोडली गेली. फ्लेरिऑन खोटा प्रेषित ठरला तो यामुळे. पुढे रविवारी, २३ फेब्रुवारीला, पुन्हा संगणकापाशीच एका दिवसात बारा पोकेमॉन सोडले गेले. हे लिहिताना कहाणीची छोटी वाक्यं फार कामाला येतात:

ऐका शंखोबा, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. तिथं एक मुलगा होता, त्याला लाख धनी होते. त्याच्यापाशी ॲबी होती. एके दिवशी पेटी उघडली. पेटी म्हणाली, सोडू का? एक धनी म्हणाला नको. एक म्हणाला वर. एक म्हणाला हो. पेटी म्हणाली, बाय ॲबी.

शेवटचं वाक्य माझं नाही, खेळाचंच आहे. पोकेमॉन सोडला की पडद्यावर तेच येतं, ‘बाय’ आणि नाव. मी त्याच्यापुढे रडारड लिहून पाहिली आणि सगळी काढून टाकली. खेळाचं एखादं रुक्ष वाक्य असं योग्य जागी ठेवता आलं तर ठेवाच, कारण वाचणाऱ्याने ते पडद्यावर पाहिलेलं असतं.

चमत्कार लिहिण्याआधी त्याचं खरं कारण माहीत करून घ्या. गर्दीच्या व्हेनोमॉथ या पतंगासारख्या पोकेमॉनने लान्स या शेवटच्या टप्प्यातल्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्याचा ड्रॅगनाइट हरवला, ही त्या खेळातली सर्वांत मोठी अद्भुत घटना. कारण असं: लान्सची चाल ठरवणारा प्रोग्रॅम समोरच्याच्या प्रकारावर प्रभावी ठरणारी चाल निवडतो, ती इजा करते की नाही ते बघत नाही. व्हेनोमॉथ विषारी प्रकारचा, त्यावर सायकिक चाली प्रभावी, आणि ड्रॅगनाइटकडच्या सायकिक चाली म्हणजे ॲजिलिटी आणि बॅरिअर, दोन्ही इजा न करणाऱ्या. तो नुसता चपळ आणि टणक होत राहिला आणि तिकडे विष भिनत गेलं. हे कळल्यावर माझी कथा बदलली. आधी मी व्हेनोमॉथच्या पंखांतून ज्वाळा काढल्या होत्या. आता माझा ड्रॅगनाइट समोरच्या पतंगाकडे बघत पुन्हा पुन्हा अंग आवळतो, प्रहार करायचंच विसरतो, आणि पतंग तिथेच फडफडत राहतो.

एका बाबतीत मी कडक आहे. खेळकर देव खऱ्या देवाच्या जागी बसवायचा नाही. हेलिक्समधून जिवंत होणारा ओमनाइट हा पोकेमॉन अमोनाइटवरून, म्हणजे नामशेष झालेल्या शंखासारख्या समुद्री जिवावरून, घेतलेला आहे, आणि गंडकीतला शाळिग्रामही अमोनाइटचाच जीवाश्म. हे कळलं तेव्हा मी उत्साहाने त्यावर अख्खा अध्याय लिहिला. आमच्या देवघरात आजीचा शाळिग्राम आहे, काळा, गुळगुळीत, एका बाजूला चक्र दिसणारा. ती रोज त्याला तुळस वाहते. अध्याय तिला वाचून दाखवायचा म्हणून कागद घेऊन गेले आणि देवघराच्या उंबऱ्यावरून परत आले. तो अध्याय मी काढला. चॅटमधल्या लोकांनी पिजिअट या पक्षी-पोकेमॉनला ‘बर्ड जीझस’ म्हटलं, मी ‘पाखरोबा’ लिहिते. ग्रामदेवतेचं नाव गाऱ्हाण्यात येऊ देत नाही, फक्त बोलण्याची लय घेते.

लिहून झालं की खेळ न खेळलेल्या एकाला मोठ्याने वाचून दाखवा. शंखोबाचं गाऱ्हाणं मी पहिल्यांदा वाचलं ते बाबांपुढे. त्यांना पोकेमॉन म्हणजे काय ते माहीत नाही. दुसऱ्या ओळीला ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘व्हय म्हाराजा.’ चौथ्या ओळीला गप्प राहिले. त्या ओळीत तेव्हा नऊ शब्द जास्त होते, ते मी त्याच रात्री कापले.