राजदूत ते राज्यपाल: असे चरित्र लिहायचे कसे

महाराष्ट्राचे पहिले तीन राज्यपाल पाहा. श्रीप्रकाश हे भारताचे पाकिस्तानातले पहिले उच्चायुक्त. पी. सुब्बरायन इंडोनेशियात राजदूत होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये आलेल्या विजयालक्ष्मी पंडित यांनी मॉस्को, वॉशिंग्टन आणि लंडन या तिन्ही ठिकाणी भारताचे प्रतिनिधित्व केले होते. पुढे अली यावर जंग आले, पी. सी. अलेक्झांडर आले. परदेशात देशाची बाजू मांडून मग मलबार हिलवरच्या राजभवनात राहायला आलेली ही सगळी माणसे, आणि यांपैकी एकही स्पर्धा परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत शिरलेला नव्हता. तरीही मराठी लेखांत यांच्यापैकी कुणालाही सरसकट ‘माजी परराष्ट्र सेवा अधिकारी’ म्हटले जाते. चरित्र बिघडायला सुरुवात होते ती तिथूनच.

म्हणून पहिले काम म्हणजे तुमची व्यक्ती कोणत्या वाटेने आली हे ठरवणे. रमेश भंडारी आणि एस. के. सिंग हे परराष्ट्र सेवेतले, दोघेही परराष्ट्र सचिवपदापर्यंत पोचलेले. बी. के. नेहरू हे ब्रिटिश काळातल्या आयसीएस या सनदी सेवेतले. अलेक्झांडर आणि गोपाळकृष्ण गांधी प्रशासकीय सेवेतले. असफ अली, विजयालक्ष्मी पंडित हे राजकारणातून आलेले. लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा लष्करातून आलेले, १९९० मध्ये नेपाळला राजदूत, नंतर आसाम आणि जम्मू-काश्मीरचे राज्यपाल. वाट बदलली की प्रशिक्षण, बढतीची शिडी, निवृत्तीचे वय आणि कागदपत्रांचा ठावठिकाणा हे सगळेच बदलते. आणखी दोन बारीक खड्डे इथेच आहेत. ‘आयएफएस’ एवढेच लिहिले तर वन सेवेशी घोळ होतो, म्हणून ‘परराष्ट्र सेवा’ असे पूर्ण लिहा. आणि एस. के. सिंग व एस. के. सिन्हा यांच्या कात्रणांची सरमिसळ होऊ देऊ नका: नावाची आद्याक्षरे सारखी, दोघेही राजदूत, दोघेही ईशान्येत राज्यपाल. शोध घेताना पूर्ण नाव वापरा: शिलेंद्र कुमार सिंग, श्रीनिवास कुमार सिन्हा.

दुसरे काम तक्त्याचे, आणि सर्वांत जास्त वेळ यालाच द्या. एक ओळ म्हणजे एक पद. रकाने सात: पद, ठिकाण, नियुक्तीची घोषणा, प्रत्यक्ष रुजू होण्याची तारीख, पद सोडल्याची तारीख, पद सोडण्याचे कारण, आणि ही माहिती कुठून मिळाली. राजदूताच्या बाबतीत आठवा रकाना लागतो, अधिकारपत्रे (आपल्या राष्ट्रपतींनी दिलेली नेमणुकीची पत्रे) सादर केल्याच्या तारखेचा. दिल्लीत नाव जाहीर होते, त्याआधी त्या देशाची संमती घेतलेली असते, मग माणूस तिथे पोचतो, आणि त्यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी तिथल्या राष्ट्रप्रमुखाला अधिकारपत्रे देतो. या तारखा वेगवेगळ्या असतात. दोन लेखांत दोन वर्षे दिसली तर बहुधा एकाने घोषणा धरलेली असते आणि दुसऱ्याने अधिकारपत्रे. दोन्ही बरोबर असू शकतात. तुम्ही एक ठरवा आणि शेवटपर्यंत तीच पद्धत ठेवा.

राज्यपालांसाठीही तसेच. राष्ट्रपती सही-शिक्क्याच्या अधिपत्राने नेमणूक करतात ते राज्यघटनेच्या कलम १५५ नुसार, पण कारभार सुरू होतो तो कलम १५९ ची शपथ घेतल्यावर, एरवी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींसमोर. कारकीर्द शपथेच्या दिवसापासून मोजा. पाच वर्षांची मुदत संपली तरी उत्तराधिकारी येईपर्यंत राज्यपाल पदावर राहतात, त्यामुळे ‘पाच वर्षे दोन महिने’ असा हिशेब आला तर तो खोडून काढू नका.

तक्ता भरला की रिकाम्या ओळी दिसू लागतील. त्या झाकू नका. एस. के. सिंग एप्रिल १९९० मध्ये परराष्ट्र सचिवपदावरून उतरले आणि डिसेंबर २००४ मध्ये अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल झाले. मधली चौदा वर्षे ‘त्यानंतर ते राज्यपाल झाले’ या एका वाक्यात गिळली गेली की वाचकाला वाटते दिल्लीहून थेट इटानगरची गाडी पकडली. निवृत्तीचे वयही तपासा. केंद्र सरकारी सेवेत ते १९९८ मध्ये ५८ वरून ६० झाले. त्याआधीच्या अधिकाऱ्याला ‘साठाव्या वर्षी निवृत्त’ लिहिले की जन्मसाल किंवा निवृत्तीचे साल यांपैकी एक बहुधा चुकते. आणि प्रवास नेहमी एकाच दिशेचा नसतो. बी. के. नेहरू वॉशिंग्टनहून आसामच्या राजभवनात गेले, तिथून १९७३ मध्ये लंडनला उच्चायुक्त, आणि १९८१ मध्ये पुन्हा राज्यपाल म्हणून श्रीनगरला. असफ अली वॉशिंग्टन, ओडिशा आणि मग स्वित्झर्लंड. शीर्षकात ‘राजदूत ते राज्यपाल’ लिहिण्याआधी एवढे पाहून घ्या.

पदनामांचे मराठीकरण हा स्वतंत्र विषय आहे आणि इथे चांगले लेखकही घसरतात. दूतावासात ‘मिनिस्टर’ हा राजदूताच्या खालचा दर्जा असतो. त्याचे भाषांतर ‘मंत्री’ केले की एक नोकरदार अधिकारी एका रात्रीत मंत्रिमंडळात जाऊन बसतो. ‘मिनिस्टर दर्जाचा अधिकारी’ असे लिहा. मात्र १९४०-५० च्या दशकांत काही देशांत भारताचा प्रतिनिधीच मिनिस्टर या दर्जाचा असे. असफ अली शेवटी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि व्हॅटिकनसाठी याच दर्जाने होते, त्यांना ‘राजदूताच्या हाताखालचे’ ठरवले तर ती उलटी चूक. ‘तृतीय सचिव’ ही तरुण अधिकाऱ्याची परदेशातली पहिली पायरी, तिथे तो भाषा शिकतो. मग द्वितीय सचिव, प्रथम सचिव, काउन्सेलर. दिल्लीत मात्र सचिव म्हणजे शिडीचे टोक. त्यामुळे नुसते ‘सचिव होते’ हे वाक्य निरर्थक आहे. कुठे आणि कितव्या दर्जाचे ते सांगायलाच हवे.

उच्चायुक्त की राजदूत हे देश राष्ट्रकुलात आहे की नाही यावर ठरते, आणि देशांचे सदस्यत्व बदलते. पाकिस्तान जानेवारी १९७२ मध्ये राष्ट्रकुलातून बाहेर पडला आणि ऑक्टोबर १९८९ मध्ये परतला. म्हणून १९४७ मध्ये कराचीला गेलेले श्रीप्रकाश उच्चायुक्त, पण १९८५ नंतर इस्लामाबादमध्ये असलेले एस. के. सिंग राजदूत. दक्षिण आफ्रिका १९६१ मध्ये बाहेर, १९९४ मध्ये परत. गोपाळकृष्ण गांधी तिथे होते ते परत येण्यानंतर, म्हणून उच्चायुक्त. आजची स्थिती पाहून जुने पदनाम ‘दुरुस्त’ करण्याचा मोह टाळा. राज्यपाल आणि नायब राज्यपाल हेही एक नाही. नायब राज्यपाल केंद्रशासित प्रदेशात राष्ट्रपतींचा प्रशासक असतो.

आता कागद. नेमणुका राष्ट्रपती भवनाच्या प्रसिद्धीपत्रकांत आणि राजपत्रात सापडतात. परराष्ट्र मंत्रालयाचे वार्षिक अहवाल कोणत्या देशाशी त्या वर्षी काय चालले होते ते सांगतात, व्यक्तीबद्दल फारसे नाही. पण तुमची व्यक्ती त्या वर्षी तिथे असेल तर प्रसंगांची यादी तयार मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर फायलींची सूची घरबसल्या चाळता येते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याखालच्या व्यवस्थेत २५ वर्षांहून जुन्या, कायम जपायच्या फायली तिकडे जाव्यात अशी अपेक्षा आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर केंद्रासाठी शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. परराष्ट्र संबंधांना बाधा येईल अशी माहिती कलम ८ मधल्या पहिल्याच अपवादात येते, आणि वीस वर्षांनंतर खुल्या होणाऱ्या गोष्टींतूनही ती वगळलेली आहे. म्हणून ‘अमुक राजदूताने पाठवलेल्या सर्व तारा द्या’ असा अर्ज फेटाळला जाणार हे धरून चाला. नेमणुकीची तारीख, दौऱ्याचे कार्यक्रम, पदभार सोडल्याचा आदेश अशा नेमक्या गोष्टी मागा. त्या मिळण्याची शक्यता बरीच जास्त.

आत्मचरित्र असेल तर ते वापरा, पण एका नियमाने: तारखा आणि स्वतःच्या यशाचे दावे दुसऱ्या कागदाशी ताडल्याशिवाय घेऊ नका, माणसांची वर्णने, वातावरण आणि मनातली घालमेल मात्र तिथूनच घ्या, कारण ती फायलीत नसतात.

राज्यपालपदाचे प्रकरण लिहिताना एकच प्रश्न सतत विचारायचा: हे शब्द, ही सही कुणाची? परदेशात असताना राजदूत दिल्लीच्या सूचनेवर बोलतो. राजभवनात आल्यावर तो कलम १६३ नुसार एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनातले अभिभाषण कलम १७६ चे असते आणि ते मंत्रिमंडळ लिहून देते. त्यातले वाक्य उचलून ‘शेतीविषयी त्यांची भूमिका अशी होती’ असे लिहिणे साफ चूक. विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभातले भाषण, विधेयक परत पाठवताना जोडलेला संदेश, राष्ट्रपतींना पाठवलेला अहवाल इथे व्यक्ती सापडते. कुलपतिपदही राज्यघटनेतून नाही, त्या त्या राज्याच्या विद्यापीठ कायद्यातून येते. कुलगुरू निवडीबद्दल लिहिण्याआधी त्या वर्षी लागू असलेला कायदा काढून वाचा.

स्वतःचा अधिकार कुठे होता हे राज्यागणिक तपासावे लागते, आणि चरित्राचा सगळ्यांत श्रीमंत भाग इथेच दडलेला असतो. अरुणाचलात कलम ३७१-एच नुसार कायदा व सुव्यवस्थेची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला घेऊन अखेर निर्णय त्यांचा. चीनच्या सीमेवरच्या अशा राज्यात माजी परराष्ट्र सचिव नेमला जातो तेव्हा त्या तीन वर्षांकडे शोभेची नेमणूक म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. तेच एस. के. सिंग सप्टेंबर २००७ मध्ये राजस्थानला गेले. तिथे हे कलम नाही, तिथला अधिकार वेगळा. महाराष्ट्रात कलम ३७१(२) मुळे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची विकास मंडळे १९९४ मध्ये झाली आणि निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांकडे आली. तेव्हा पदावर होते अलेक्झांडर. त्यांचे चरित्र लिहून अनुशेषाचा उल्लेख टाळणाऱ्याने महाराष्ट्राच्या दृष्टीने मुख्य गोष्टच सोडली. जम्मू-काश्मीरबाबत लिहिताना २०१९ आधीच्या घटनांना सरळ कलम ३५६ ची राष्ट्रपती राजवट लावू नका. तिथल्या वेगळ्या राज्यघटनेच्या कलम ९२ खाली आधी राज्यपाल राजवट येत असे.

वादाचा प्रसंग लिहिताना तास-दिवसांचा क्रम मांडा, विशेषणे नंतर. उत्तर प्रदेशात २१ फेब्रुवारी १९९८ ला राज्यपाल रमेश भंडारींनी मुख्यमंत्री कल्याणसिंग यांना हटवून जगदंबिका पाल यांना शपथ दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने कल्याणसिंग यांना परत आणले. सर्वोच्च न्यायालयाने दोघांपैकी बहुमत कुणाचे हे सभागृहातच ठरवायला सांगितले आणि २६ तारखेला मोजणी झाली: कल्याणसिंग २२५, पाल १९६. एवढे क्रमाने लिहिले की मत द्यायची गरज उरत नाही. दुसऱ्या टोकाला बी. के. नेहरू. फारूख अब्दुल्लांचे सरकार बडतर्फ करायला त्यांनी नकार दिला, एप्रिल १९८४ मध्ये त्यांची गुजरातला बदली झाली, जगमोहन आले आणि २ जुलैला सरकार गेले. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवायला हरकत नाही, पण मधल्या काळात मार्च १९९४ चा सर्वोच्च न्यायालयाचा बोम्मई निकाल आला हे सांगा. बहुमत सभागृहात मोजायचे हे त्यानंतर पक्के झाले. १९८४ च्या कृतीला १९९४ चे माप लावले तर कुणालाच न्याय मिळत नाही.

जागेचे वाटप तीन हजार शब्दांच्या लेखासाठी साधारण असे ठेवावे: बालपण-शिक्षण २०० ते २५०, परदेशातली पदे हजारभर, रिकामी वर्षे दीडशे-दोनशे, राज्यपालपद हजार ते बाराशे, उरलेले कुटुंब, लेखन आणि अखेरीसाठी. परदेशातल्या प्रत्येक पदाला सारखी जागा देऊ नका. दहा पदांपैकी दोन किंवा तीन निवडा, जिथे करार, युद्ध, सुटका, नाही तर संबंध तुटणे असे काही घडले. बाकीची एका परिच्छेदात. आणि निवडलेल्या प्रसंगात ‘त्यांनी करार घडवून आणला’ असे लिहिण्याआधी वाटाघाटींच्या मेजावर आणखी कोण होते ते पाहा. राजदूत बहुधा वाट मोकळी करतो, सही दुसऱ्याची असते.

अखेरीस पद सोडण्याचा रकाना पुन्हा तपासा, कारण ‘निवृत्त झाले’ हा शब्द राज्यपालाला लागूच पडत नाही. सुब्बरायन ऑक्टोबर १९६२ मध्ये पदावर असतानाच गेले. अली यावर जंग डिसेंबर १९७६ मध्ये, एस. के. सिंग १ डिसेंबर २००९ ला, तेही पदावरच. पंडित यांनी १९६४ मध्ये फुलपूरची पोटनिवडणूक लढवण्यासाठी राजभवन सोडले. बी. के. नेहरूंची बदली झाली. मुदत संपली, राजीनामा दिला, बदली झाली, हटवले, निधन झाले यांपैकी नेमके काय ते एका क्रियापदात लिहा, आणि त्या क्रियापदासमोर तारीख.