हात आखडता असताना मुंबईत मजा करायचीय? या चुका टाळा

पगार लांबलाय, ऑफिसात 'कपातीची यादी निघणार' अशी कुजबुज आहे आणि घराचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला न चुकता कापला जातोय. अशा महिन्यात पहिली कुऱ्हाड मौजमजेवर पडते. त्यात गैर काही नाही. घोळ होतो तो पुढे. स्वस्तातलं म्हणून जे काही ठरतं, ते निम्म्या वेळा फसतं आणि मग 'फुकटात काय मिळणार' म्हणून सगळे मोबाइल घेऊन बसतात. मुंबईत आपण पैसे टाकतो ते बरेचदा सोयीसाठी: हवं तेव्हा जा, गारव्यात बसा, समोर येईल ते खा. ती सोय परवडत नसेल तेव्हा थोडी चौकशी आणि तयारी आपली आपण करावी लागते. बहुतेक चुका तिथेच होतात.

वेळ न बघता निघणं

ही सगळ्यात मोठी चूक. शिवडीचे फ्लेमिंगो घ्या. हिवाळ्यापासून साधारण मेपर्यंत हे पक्षी खाडीच्या गाळावर उतरतात. बघायला एक रुपया लागत नाही. तरी कित्येक घरं तिथून चिडून परततात, कारण दूरवर गुलाबी ठिपक्यांची एक रेघ आणि नाकात गाळाचा वास, एवढंच पदरी पडतं. ही माणसं ओहोटीच्या वेळी तिथे गेलेली असतात. पाणी मागे सरलं की पक्षीही त्याच्यामागे लांब जातात. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास गाठले तर तेच पक्षी जेट्टीच्या जवळ असतात. मान खाली घालून, चोच उलटी करून गाळातून चाळत चालतात, ते दुर्बिणीशिवायही दिसतं. आणखी एक गोम आहे. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्याभरात हा फरक सहा तासांच्या आसपास जातो, म्हणजे शेजारच्यांना गेल्या रविवारी ज्या वेळी भरती मिळाली, त्याच वेळी या रविवारी तुम्हाला ओहोटी मिळणार. त्यांची वेळ उसनी घेऊ नका. त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा.

शिवडी हार्बर मार्गावर येतं, तेव्हा रविवारी मेगाब्लॉकही बघून ठेवा. ब्लॉक बहुधा सकाळी ११ ते दुपारी ४ च्या दरम्यान असतो. स्टेशनवर पोचल्यावर तो कळला की रिक्षा-टॅक्सीत त्या दिवसाची सगळी काटकसर जाते.

राणीच्या बागेचं दुखणं वेगळं. ती एरवी बुधवारी बंद असते, आणि हे न बघता मुलांना घेऊन गेलं की भायखळ्याच्या फाटकाबाहेर रडारड ठरलेली. आईवडील आणि दोन मुलं अशा कुटुंबाला तिथे १०० रुपयांत प्रवेश मिळतो. पण सगळे पेंग्विनकडे धावतात आणि तिथल्या गर्दीतच दमतात. बाग मुळात वनस्पतींची आहे. जुनी झाडं, त्यांची सावली, खाली बसून खाल्लेला डबा यात दोन तास आरामात जातात. पेंग्विन शेवटी.

भेटायची जागा दुसऱ्याला ठरवू देणं

हे कुणी बोलत नाही, पण बिलाचा जीव जागेत असतो. ज्याने जागा सुचवली त्याने खर्चही ठरवला. मित्राने कॅफे म्हटलं की तुम्ही नुसती कॉफी घेतली तरी बिलाचे समान भाग होतात, आणि 'माझी एकच कॉफी होती' हे तोंडातून निघत नाही. मग पुढच्या वेळी 'तब्येत बरी नाही' असं सांगून भेटच टाळली जाते. हा तोटा पैशाहून मोठा आहे. आधी तुम्हीच बोला: "शिवाजी पार्कला कट्ट्यावर, साडेसहाला." बसायला फुकट आहे. कटिंग मागवा, कुणी पैसे दिले हे कुणी लक्षातही ठेवणार नाही. खरी अडचण सांगायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते दोघा-तिघांना तरी सांगावी.

फुकटच्या सहलीत पैसे गळू देणं

चौपाटीवर वाळू फुकट असते. भेळ, मक्याचं कणीस, चमकणारा फुगा, पाण्याची बाटली आणि पाय दुखले म्हणून परतीची टॅक्सी फुकट नसते. पाणी आणि पोळी-भाजी घरून न्या. बाहेरची एकच गोष्ट निघण्यापूर्वी ठरवा, कुल्फी तर कुल्फी, आणि ती मात्र नीट चवीने खा. परतीचा प्रवासही आधीच धरा. मे २०२५ पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं १० रुपये आणि एसी बसचं १२ रुपये झालंय. चार माणसांच्या जाण्यायेण्याला ते जाणवतं.

'हे आपल्यासाठी नाही' म्हणून दारातून परतणं

काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे आणि आत जायला तिकीट नाही. तरी समोरच्या फुटपाथवर थांबून लोक पुढे जातात. चित्रं कळायलाच हवीत किंवा घ्यायलाच हवीत अशी सक्ती नाही. बरेचदा चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. 'हे कसं केलंत?' असं मराठीत किंवा हिंदीत विचारा, बहुतेक जण खुशीने सांगतात.

सगळं एकदम बंद करणं

दोन महिने चहासुद्धा बाहेर घ्यायचा नाही, आणि तिसऱ्या महिन्यात वैतागून एका संध्याकाळी मॉलमध्ये क्रेडिट कार्ड घासायचं, हा प्रकार घरोघरी चालतो. महिन्याच्या सुरुवातीलाच एक छोटी रक्कम पाकिटात वेगळी काढा. संपली की संपली. मुलांनाही "पैसे नाहीत" हे रोज ऐकवण्यापेक्षा "या महिन्यात मॉल नाही, राणीची बाग आहे, वार तू ठरव" असं सांगा. फक्त त्याने बुधवार निवडला तर अडवा.