अभ्यासिकेतल्या वायफायवरचा ट्रॅफिक कसा मोजावा आणि त्याचे प्रारूप कसे बांधावे

अभ्यासिकेत एकच राउटर आहे आणि सायंकाळी तो तोकडा पडतो, अशी तक्रार आली की बहुतेक जण दिवसभराची सरासरी काढून मोकळे होतात. पण राउटर गुदमरतो तो काही क्षणांच्या लोंढ्याने, आणि तो लोंढा सरासरीत दिसतच नाही.

प्रथम नेटवर्कच्या चालकाची परवानगी घ्यावी व वापरणाऱ्यांना कल्पना द्यावी. मग मॉनिटर मोड (हवेतून जाणारे सगळे वायफाय संदेश ऐकण्याची सोय) चालणारे वायफाय कार्ड असलेला लिनक्स लॅपटॉप राउटरजवळ ठेवून, राउटर ज्या चॅनेलवर आहे (२.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात बहुधा १, ६ किंवा ११) त्यावरच कार्ड स्थिर करावे आणि वायरशार्क या नेटवर्क नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरने फ्रेमचे (हवेतून जाणाऱ्या डेटाच्या एकेका तुकड्याचे) फक्त शीर्षभाग नोंदवावेत. मजकुराची गरज नसते, आणि तो न घेणे हेच खासगीपणाच्या दृष्टीने योग्य.

त्याच वेळी केबलच्या बाजूलाही नोंद ठेवावी. वायफायची खरी गोम येथे आहे: पोच न मिळालेली फ्रेम पुन्हा पाठवली जाते, तेव्हा तिच्या शीर्षभागातील ‘रिट्राय’ हा बिट १ असतो, आणि केबलवर एकदाच गेलेले पॅकेट हवेत दोन-तीनदा दिसू शकते. अशा फ्रेम वेगळ्या न काढल्यास हवेतील गर्दीलाच आपण मागणी समजून बसतो.

आता दर १०० मिलिसेकंदांत किती बाइट गेले त्याची मालिका करावी. तासाभरात ३६,००० नोंदी मिळतात. दहा-दहा, शंभर-शंभर नोंदींच्या गटांची सरासरी घेऊन त्या सरासऱ्यांचे प्रचरण (म्हणजे चढउताराचे माप) गटाच्या आकारासमोर लॉग-लॉग आलेखावर मांडावे. टेलिफोन कॉलसाठी वापरले जाणारे प्वासाँ प्रारूप (कॉल एकमेकांपासून स्वतंत्रपणे येतात असे धरणारे) लागू असेल तर रेषेचा उतार −१ येतो. तो −०.४ आला तर लोंढे किती टिकून राहतात हे दाखवणारा हर्स्ट निर्देशांक १ − (०.४ ÷ २), म्हणजे ०.८ होतो, म्हणजे लोंढे मोठ्या कालावधीतही विरत नाहीत. अमेरिकेतील बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत १९८९ ते १९९२ दरम्यान नोंदवलेल्या इथरनेट ट्रॅफिकमध्ये असाच गुण आढळला होता. निर्देशांकाला नाव मात्र नाईल नदीच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या हर्स्टचे आहे. अभ्यासिका भरण्याची वा रिकामी होण्याची वेळ मोजमापात आली तर हा आकडा उगाच फुगतो, म्हणून वर्दळ स्थिर असलेला तासच निवडावा.

प्रारूपासाठी प्रत्येक उपकरण आलटून पालटून चालू व बंद होते असे धरून त्या कालावधींना पॅरेटो वितरण (ज्यात फार लांब कालावधीही अधूनमधून येतात) द्यावे, घातांक १.४ घेतल्यास बरीच उपकरणे मिळून निर्देशांक (३ − १.४) ÷ २, म्हणजे ०.८ येतो. हा कृत्रिम ट्रॅफिक आणि मोजलेला ट्रॅफिक एकाच क्षमतेच्या रांगेतून सोडून किती पॅकेटे गळतात ते ताडून पाहावे. निर्देशांक जुळूनही गळती जुळली नाही, तर प्रारूप कच्चे समजून चालू-बंद कालावधी प्रत्यक्ष नोंदींतून पुन्हा काढावेत.